त्या दोन जागा शहराच्याही आहेत

प्रमुख बंदरांच्या मंडळांवरील, विशेषतः मुंबई बंदरातील, कामगार प्रतिनिधींना खुले पत्र

माननीय सदस्य,



ऑगस्ट २०२४ मध्ये देशातल्या प्रमुख बंदरांतील कामगार संघटनांनी २८ तारखेपासून बेमुदत संप पुकारला होता. आदल्या दिवशी वेतनकरारावर समझोता झाला आणि संप टळला. साडेआठ टक्के वाढ, १ जानेवारी २०२२ पासून लागू, मुदत पाच वर्षांची. हजारो घरांत त्या संध्याकाळी समाधान होते आणि ते संघटनांनी झगडून मिळवले होते. त्याबद्दल मनापासून आभार. ती मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते, म्हणजे पुढच्या मागणीपत्राची जुळवाजुळव तुमच्या कार्यालयांत सुरू झालीच असेल. ते पक्के होण्याआधी काही गोष्टी तुमच्यासमोर मांडायच्या आहेत. त्या खासगीत मांडण्यासारख्या नाहीत, म्हणून हे पत्र खुले.

माझी तक्रार अशी आहे. दोन करारांच्या मधली चार-पाच वर्षे तुमचा आवाज आमच्यापर्यंत येत नाही. वेतन, बोनस, थकबाकी, निवृत्तिवेतन यांची पत्रके वेळेवर निघतात. पण बंदराच्या मंडळात जमिनीचा, धक्क्याचा, आराखड्याचा ठराव येतो तेव्हा कामगारांचा प्रतिनिधी म्हणून तुम्ही काय म्हणालात, विरोध केलात की संमती दिलीत, संमती दिलीत तर कशाच्या बदल्यात, हे कामगाराला कळत नाही. मग शहराला कुठून कळणार?

शहराचा उल्लेख का करते, ते सांगते. १९६३ च्या प्रमुख बंदर न्यास कायद्याने विश्वस्त मंडळावर कामगारांचे किमान दोन प्रतिनिधी असलेच पाहिजेत आणि ते नेमण्याआधी केंद्र सरकारने नोंदणीकृत संघटनांचे मत घेतले पाहिजे, असे घालून दिले. त्या कायद्यात जहाजमालक, शिडाच्या जहाजांचे मालक, माल पाठवणारे व्यापारी यांनाही जागा होती. २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्याने मंडळ आटोपशीर केले. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण व सीमाशुल्क यांचा एकेक माणूस, दोन ते चार स्वतंत्र सदस्य, केंद्र सरकारने नेमलेला एक अधिकारी, आणि तुम्ही दोघे. या यादीत महापालिकेला स्वतःची जागा नाही. कोळीवाड्याला नाही. शिवडी, दारूखाना, रे रोड, कॉटन ग्रीन, माझगाव इथे बंदराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि धंदा करणाऱ्यांना नाही.

आणि मंडळाचे अधिकार मात्र वाढले आहेत. पूर्वी बंदराचे दर ठरवायला वेगळे दर प्राधिकरण होते, आता ते मंडळच ठरवते. बंदराच्या हद्दीतला बृहत् आराखडा मंडळ स्वतः करू शकते, आणि तो स्थानिक संस्थेच्या आराखड्याशी विसंगत असला तर मंडळाचा आराखडा वरचढ ठरेल, असे कायदाच सांगतो. मुंबईपुरते बोलायचे तर कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंतची सुमारे साडेसातशे हेक्टर जमीन या अधिकाराखाली येते. दक्षिण मुंबईत एवढी सलग सार्वजनिक जमीन दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. तिचा निर्णय जिथे होतो, तिथे खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी रोज लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांमधून आलेले तुम्ही दोघेच. बाकीचे सारे एखाद्या खात्याचे किंवा सरकारच्या पसंतीचे. म्हणून तुमच्या जागा कायद्याच्या भाषेत बंदराच्या कर्मचाऱ्यांच्या असल्या, तरी प्रत्यक्षात शहराला त्या खोलीत डोकावण्याची तेवढीच वाट उरली आहे.

ही अपेक्षा अवाजवी आहे असे तुम्हाला वाटेल. पण तुमच्या संघटनांचा इतिहास बघा, तुमच्या आधीच्यांनी ती पुरी केली होती.

गोदीतले काम एके काळी कसे मिळायचे, हे आज विशी-तिशीत असलेल्या कामगारांना कुणी सांगत नाही. सकाळी फाटकासमोर माणसे उभी राहायची. मजुरांची टोळी पुरवणारा टोळीवाला बोट दाखवील त्याला त्या दिवसाची मजुरी. ते बोट आपल्याकडे वळावे म्हणून मजुरीतला हिस्सा त्याला द्यायचा, सणाला भेट द्यायची, त्याच्याकडूनच व्याजाने पैसे घ्यायचे. जहाज नसेल त्या दिवशी चूल नाही. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ मध्येच लिहून ठेवले होते की गोदी मजुरांची नोंदणी करा आणि कामाची वाटणी नियमाने करा. पुढची सतरा वर्षे तो कागद तसाच राहिला. मधे १४ एप्रिल १९४४ चा दिवस आला. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर आग लागून स्फोट झाले, आगीशी झुंजणारे ६६ अग्निशामक गेले आणि त्यांच्याबरोबर शेकडो माणसे गेली. मृतांच्या एकूण आकड्यावर आजही एकमत नाही. गोदीत येणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंद सक्तीची करणारा कायदा तोवर झालेलाच नव्हता.

तो कायदा १९४८ मध्ये झाला आणि मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभे राहिले १९५१ मध्ये. टोळीवाल्याच्या बोटाऐवजी रजिस्टर आले, काम पाळीपाळीने मिळू लागले, जहाज नसले तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. बोर्डाची घडण तर मला आजही विलक्षण वाटते. सरकार, कामगार आणि मालक यांचे प्रतिनिधी तिथे सारख्या संख्येने बसायचे. कामाचे नियम, शिस्त, रजिस्टरवर माणसे किती घ्यायची, हे सगळे कामगारांच्या माणसाशिवाय ठरत नसे. पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी हमालांसाठी कायदा केला, त्यातही हीच रचना आहे: नोंदणी आणि त्रिपक्षीय मंडळ. मशीद बंदरच्या आणि भायखळ्याच्या हमालाला जे मिळाले, त्याची वाट आधी गोदीने तयार केली होती.

माझे वडील लांज्याकडून आले आणि या बोर्डाचे नोंदणीकृत कामगार झाले. त्यांचे ओळखपत्र आमच्या घरी रेशनकार्डासारखे जपले जाई, आईच्या ट्रंकेत, कापडात गुंडाळून. आम्ही भावंडे शाळेत गेलो ती त्या कार्डाच्या जोरावर.

ही व्यवस्था सहज मिळालेली नव्हती. प्लॅसिड डिमेलो यांनी विखुरलेल्या, भाषा वेगळ्या, गावे वेगळी, टोळीवाल्यांचे दबाव वेगळे अशा माणसांची संघटना बांधली. जुना फ्रिअर रोड आज पी. डिमेलो मार्ग आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेला तरुण जॉर्ज फर्नांडिस १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेला आणि १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत त्याने दक्षिण मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील यांना हरवले. बंदर कामगारांचे नेते डॉ. शांती पटेल या शहराचे महापौर झाले, नंतर राज्यसभेवर गेले. एस. आर. कुलकर्णींनी मुंबईच्या गोदीतून देशभरातल्या बंदर कामगारांच्या महासंघाचे नेतृत्व केले. या सगळ्यांचे राजकारण मला सारखेच पटते असे नाही, काहींचे मुळीच पटत नाही. पण गोदीचा पुढारी पाणी, घरे, दवाखाने, वाहतूक यांवर बोलला की लोक ऐकून घेत. त्याचे बोलणे पगाराच्या पलीकडचे असते, हे मुंबईला ठाऊक होते.

मग हे आकुंचन कसे झाले? कारणे मला कळतात. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनर तिकडे गेला. १९९४ मध्ये मुंबईचे डॉक लेबर बोर्ड बंदर न्यासात विलीन झाले, १९९७ मध्ये त्याबाबतचा कायदा झाला. भरती थांबली, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना एकामागून एक आल्या, आणि आज कामावर असलेल्यांपेक्षा निवृत्तिवेतन घेणारे कितीतरी पटींनी जास्त आहेत. संख्या घटत असताना आहे ते टिकवणे हेच काम होऊन बसते. त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. दोष याचा देते की संख्या घटली, पण मंडळावरच्या जागा दोनच्या दोन राहिल्या, आणि त्या जागांचे सामर्थ्य तुम्ही वापरत नाही.

एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. प्रिन्स गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया गोदी त्यानंतर काही वर्षांची. समुद्रात नवे कंटेनर टर्मिनल होणार, त्यासाठी कंटेनर ठेवायला मोकळी जागा हवी, म्हणून या दोन्ही गोद्या भरून टाकल्या. धक्का बांधून झाला, पण कंटेनर टर्मिनल म्हणून तो ठरल्याप्रमाणे कधी चाललाच नाही. पुढे तिथे मोटारी आणि इतर माल चढू-उतरू लागला. गोद्या मात्र परत येणार नाहीत. एवढ्या मोठ्या निर्णयात मंडळासमोर कोणती आकडेमोड होती, कामगारांच्या प्रतिनिधींनी कोणते प्रश्न विचारले, कोणती हमी मागितली, हे त्याच गोदीत आयुष्य काढलेल्या माणसाला वाचायला मिळायला हवे होते. त्यातून पुढच्या वेळी काय विचारायचे ते आपण शिकलो असतो. व्यवस्थापन तशी माहिती स्वतःहून देणार नाही, हे समजू शकते. तुमच्या हाताशी मात्र द्वारसभा आहे. पहिली पाळी सुटून दुसरी सुरू होताना फाटकावर उभे राहून दहा मिनिटे बोलायचे, ही तुमच्या संघटनांची रोजची पद्धत होती. माझी पहिली मागणी तेवढीच आहे. प्रत्येक मंडळ बैठकीनंतर एक द्वारसभा घ्या आणि एक पानभर मराठी-हिंदी टिपण लावा: विषय कोणते होते, आपण काय म्हणालो, मत कुठे दिले. ज्या व्यापारी बाबी गुप्त ठेवाव्या लागतात त्या ठेवा. बाकी सांगा.

आता जमीन. इथे मला जरा जास्त बोलायचे आहे.

संघटनांकडून ऐकू येते ते असे: मालातून आता पुरेसे उत्पन्न नाही, निवृत्तांची देणी मोठी आहेत, म्हणून जमिनीतून पैसा आला पाहिजे आणि तो दुसरीकडे वळता कामा नये. हे रास्त आहे. माझ्या आईचे कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच तिजोरीतून येते. पण जमिनीबद्दल तुमची भूमिका एवढीच असेल तर तुम्ही फक्त भाड्याच्या पावतीचे भागीदार उरता. बंदराची जमीन ही खासगी मालकाची जमीन नव्हे. जुन्या भाडेकरूंच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बंदर न्यासाला सांगितले की सार्वजनिक संस्था म्हणून त्याने भाडेवाढीत वाजवीपणाने वागले पाहिजे, नफेखोरी करता येणार नाही. हे तत्त्व भाड्यापुरते असले तरी तुम्ही ते पुढे नेऊ शकता.

गिरण्यांचे काय झाले ते आठवा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सगळे लक्ष पगारावर आणि बोनसवर होते, आणि ते स्वाभाविक होते. जमिनीचा प्रश्न टेबलावर आला तो गिरण्या बंद पडू लागल्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला अशी वाटणी ठरली. २००१ मध्ये नियमात बदल होऊन ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. परळ-लोअर परळमध्ये त्यानंतर काय उभे राहिले ते रोज दिसते, आणि गिरणी कामगार अजून घरांच्या सोडतीच्या रांगेत आहेत. गिरण्यांची बरीचशी जमीन खासगी मालकांच्या ताब्यात होती. बंदराची जमीन अजूनही सार्वजनिक आहे, आणि जिथे तिचा निर्णय होतो तिथे तुम्ही बसलेले आहात. गिरणगावाच्या पुढाऱ्यांना ही संधी नव्हती.

२०१८ मध्ये राज्य सरकारने मुंबई बंदराला त्याच्या जमिनीसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले आणि त्याच वर्षी आराखड्याचा मसुदा लोकांसमोर आला. पूर्व किनाऱ्याचे पुढे काय करायचे, यावर वास्तुरचनाकार बोलले, नागरिक संघटना बोलल्या, विकासक तर बोलतातच. कामगार संघटनांची स्वतःची, कागदावर मांडलेली योजना मला हवी आहे. तिच्यात काय असावे असे मला वाटते ते सांगते, तुम्ही खोडा आणि दुसरे लिहा. भाड्याची घरे, आणि ती फक्त कायम कामगारांसाठी नकोत. समुद्राकडे जाणारा, फाटक नसलेला रस्ता, कारण मुंबईच्या पूर्वेला राहणाऱ्या माणसाला आपल्याजवळचा समुद्र दिसतच नाही. मासेमारीच्या धक्क्यांचे संरक्षण. दारूखान्यातले लोखंड कापणारे आणि सुटे भाग विकणारे यांना हलवायचेच असेल तर धंद्यासकट हलवण्याची अट. शिवडीचा चिखलपट्टा, जिथे रोहित पक्षी येतात, तो जसा आहे तसा. आणि वडाळ्याचे बंदर रुग्णालय सार्वजनिक राहील याची हमी.

सॅन फ्रान्सिस्कोचे बंदर इथे आठवते, कारण तिथली गोष्ट आपल्यासारखीच आहे. माल खाडीपलीकडच्या ओकलंडला गेला आणि शहराच्या हातात रिकामे धक्के राहिले. तिथल्या गोदी कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस. १९३४ च्या मोठ्या संपातून पुढे आलेला, सरकारने ज्याला हद्दपार करायचे प्रयत्न वर्षानुवर्षे केले तो. १९७० मध्ये महापौरांनी त्यालाच बंदर आयोगावर नेमले आणि १९८२ पर्यंत तो तिथे होता. त्याआधी १९६० मध्ये त्याने मालकांशी यंत्रांबाबत करार केला होता: यंत्रे आणा, पण वाचलेल्या पैशातला वाटा कामगारांच्या निधीत भरा आणि कायम कामगारांच्या उत्पन्नाची हमी द्या. या करारावर त्याच्याच संघटनेत टीका झाली, पुढच्या पिढीचे काम विकले असा आरोप झाला, आणि त्यात तथ्य आहे असे मलाही वाटते. पण त्याच संघटनेच्या पुढाकाराने आणि गोदी कामगारांच्या पेन्शन निधीच्या आधाराने शहरात सहकारी घरांची एक वसाहत उभी राहिली. तिथे फक्त गोदी कामगारांनाच घरे द्यायची असे ठरवले नाही. गोरे, काळे, आशियाई, सगळे एका सोसायटीत. आज साठ वर्षांनंतरही ती आहे. आपल्याकडे निवृत्तिवेतन निधी आहे, जमीन आहे, मंडळावर जागा आहेत. असा प्रस्ताव मंडळापुढे मांडायला काय लागते?

आणखी एक गोष्ट कटू आहे. गोदीत आज प्रत्यक्ष काम करणाऱ्यांतले पुष्कळ लोक तुमचे सभासद नाहीत. कंत्राटी सफाईवाला, खासगी धक्क्यावरचा मजूर, ट्रेलरचा चालक जो दोन-दोन दिवस रांगेत बसतो आणि ज्याला आंघोळीला पाणी नसते. कायद्याने तुम्ही प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी आहात, हे मी वर लिहिलेच आहे. पण १९४८ आधी डिमेलोंच्या पिढीने ज्यांना एकत्र केले, ते तरी कुणाच्या पगारपत्रकावर होते? टोळीवाल्याचे बोट पुन्हा आले आहे, फक्त आता त्याच्याकडे कंत्राटाचा कागद आहे. पुढच्या मागणीपत्रात एक कलम त्यांच्यासाठी घाला: बंदराच्या हद्दीत काम करणाऱ्या प्रत्येकाची नोंद, विमा, प्यायचे पाणी, शौचालय, आणि अपघात झाला तर कुणी जबाबदार हे ठरलेले. कायम कामगारांपैकी काहीजण नाराज होतील. त्यांना समजावणे हेच पुढाऱ्याचे काम.

कागदपत्रांबद्दल थोडे. गिरणगावाच्या आठवणी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केल्या, त्यांचे पुस्तक २००४ मध्ये आले. गोदीच्या वाट्याला असे लेखन फार कमी आले. संघटनांच्या कार्यालयांत जुनी इतिवृत्ते, करार, पत्रके, छायाचित्रे कपाटांत असतात आणि पावसाळा दरवर्षी येतो. ती एखाद्या विद्यापीठाच्या किंवा ग्रंथालयाच्या स्वाधीन करा, किमान स्कॅन करून घ्या. आणि ऐंशी-नव्वदीतले जे विंचमन, टॅलीक्लार्क, टिंडेल अजून आहेत, त्यांच्याशी कुणीतरी या वर्षीच जाऊन बोलले पाहिजे. त्यांच्याजवळ वेळ थोडा आहे.

नेतृत्वाबद्दल लिहिताना हात जड होतो, तरी लिहिते. एकाच संघटनेत एकाच माणसाकडे दशकानुदशके अध्यक्षपद राहते आणि त्याच्यानंतर कुणीच तयार नसते, हे मी पाहिले आहे. तुमच्या दोन जागांपैकी एका जागेवर एखादी स्त्री बसावी असेही मला वाटते. बंदराच्या रुग्णालयात परिचारिका आहेत, कार्यालयांत महिला आहेत, त्यांच्यात बोलणाऱ्या कितीतरी आहेत. पुढच्या वेळी सरकार संघटनेचे मत विचारील तेव्हा त्यांतले एक नाव पाठवा.

मी विचारले ते तुम्ही एका बैठकीत करू शकणार नाही. जमिनीच्या योजनेला वर्ष लागेल, मागणीपत्रातल्या कलमाला वाद घालावे लागतील. द्वारसभेला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीनंतर ती कोणत्या फाटकावर, किती वाजता घेणार तेवढे जाहीर करा. निवृत्तांना आणि त्यांच्या घरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून ती फाटकाबाहेर घ्या. मी येईन, आणि आमच्या चाळीतले बरेचजण येतील.

आपली नम्र,
एका गोदी कामगाराची मुलगी
वडाळा, मुंबई